ठेव आणि पाचवा हिस्सा : सोलापुरातील एका मंडळीतील प्रकरण

हे प्रकरण सोलापूर शहरातील एका मराठी ख्रिस्ती मंडळीत एप्रिल २०१९ ते सप्टेंबर २०२४ या काळात घडले. मंडळीतील महिलांनी पै-पै करून जमवलेल्या बचत फंडातून, त्या फंडाचा हिशोब सांभाळणाऱ्या गृहस्थांनी १,८६,४०० रुपये परस्पर खर्च केले. ते उघडकीस आल्यावर मामला पोलिसांत गेला नाही, पण दडपलाही गेला नाही, आणि पाच वर्षांहून अधिक काळ चाललेल्या हप्त्यांतून मुद्दल अधिक पाचवा हिस्सा असे २,२३,६८० रुपये फंडात परत आले. मी त्या मंडळीचा सभासद नाही. बँकेतून निवृत्त झालेला आणि दुसऱ्या मंडळीचा माणूस म्हणून हिशोबाच्या फेरतपासणीसाठी मला बोलावले गेले आणि शेवटचा हप्ता जमा होईपर्यंत ती वही माझ्या नजरेखालून जात राहिली. संबंधितांच्या संमतीने हे लिहीत आहे. नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. ज्यांच्याभोवती हे प्रकरण फिरते त्यांना येथे ‘मुनीम’ म्हटले आहे, कारण पोटापाण्याच्या नोकरीतही ते मुनीमच होते.

ख्रिस्ताच्या ठायी माणसाला नवी संधी मिळते, हे आपल्या उपासनांमध्ये इतक्या वेळा सांगितले जाते की त्या संधीचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हे विचारायचे राहूनच जाते. या मंडळीत तो प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारला गेला, आणि पुढे जे काही बरे घडले ते माझ्या मते त्यामुळेच घडले.

फंड आणि तूट

फंड जानेवारी २०१३ मध्ये सुरू झाला. ४६ महिला दरमहा प्रत्येकी २०० रुपये भरत आणि जमलेल्या रकमेतून आळीपाळीने एकमेकींना कर्ज देत. यांपैकी काही जणी विड्या वळणाऱ्या, काही खासगी इस्पितळांत आया म्हणून राबणाऱ्या, काही टॉवेलला शिलाई मारून घड्या घालणाऱ्या होत्या. गिरण्या एकामागून एक बंद पडल्यावर या शहरातले कित्येक संसार बायकांच्याच मजुरीवर तगून राहिले आहेत, आणि अशा घरात महिन्याचे दोनशे रुपये बाजूला काढायचे म्हणजे आठवड्याच्या बाजारातून काहीतरी वगळावे लागते. फंडाची नोंदणी झालेली नव्हती आणि बँकेत खातेही नव्हते. रोजकीर्द, खतावणी, प्रत्येकीचे छोटे पासबुक आणि मंडळीच्या कपाटातली कुलपाची पेटी एवढाच त्याचा पसारा होता.

हिशोब मुनिमांकडे आला तो त्यांच्या अक्षरामुळे आणि घराण्यामुळे. त्यांचे वडील मंडळीचे वडीलजन, म्हणजे ज्येष्ठ पदाधिकारी, होते आणि ते स्वतः अक्कलकोट रोडवरील औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्यात वर्षानुवर्षे हिशोबनीस होते. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आणि जुलै २०१७ चा वस्तू व सेवा कर यांच्या पाठोपाठ यंत्रमागांचे काम मंदावले, कारखान्यातला वरकड पैसा थांबला, आणि त्या वर्षाअखेरीस आईच्या इस्पितळाच्या बिलासाठी त्यांनी पेटीतून ९,००० रुपये उचलले. परत ठेवण्याच्या बोलीवर, अर्थात. ती बोली त्यांनी स्वतःशीच केली होती. ते परत ठेवता येईनात म्हणून मोबाइलवरची पैशांची रमी सुरू झाली. आपली हकीकत सांगताना ते नेहमी आईच्या बिलापासून सुरुवात करत, आणि ते स्वाभाविकही होते. मात्र वहीत त्या बिलाचा वाटा नऊ हजारांचा होता आणि उरलेले सगळे रमीत गेले होते.

पद्धत जुनीच होती, बँकेत आम्ही ती अनेकदा पाहिलेली. एकीने भरलेला कर्जाचा हप्ता तिच्या नावे न मांडता मागच्या महिन्यात दुसरीच्या खात्यात पडलेले भोक बुजवायला वापरायचा, तिचा हप्ता पुढच्या महिन्यात तिसरीच्या पैशातून दाखवायचा, आणि पासबुकावर मात्र वेळच्या वेळी सही करायची. त्यामुळे पासबुके सगळी बरोबर आणि खतावणी चुकीची, असे विचित्र चित्र तयार होते. हा खेळ चालवायला विलक्षण स्मरणशक्ती आणि टापटीप लागते. मुनिमांच्या खतावणीत खाडाखोड जवळजवळ नव्हती, आणि त्या स्वच्छ पानांनी मला पहिल्या तासातच अस्वस्थ केले.

एप्रिल २०१९ मध्ये एका बाईंनी मुलीच्या लग्नासाठी आपले सगळे १४,२०० रुपये मागितले. ‘पुढच्या रविवारी देतो, ताई’ असे तीनदा ऐकल्यावर त्यांनी पासबुक घेऊन थेट मंडळीच्या सेक्रेटरींचे घर गाठले. त्याच संध्याकाळी मुनीम घरातून निघून गेले.

कुर्डुवाडीहून परत

ते रेल्वेने कुर्डुवाडीपर्यंत गेले आणि रात्रभर स्थानकावर बसून राहिले. त्या रात्री त्यांच्या मनात काय होते याविषयी ते फारसे बोलत नाहीत आणि मीही खोदून विचारले नाही. परतायचे नव्हते, एवढेच त्यांनी मला सांगितले. पहाटे त्यांनी मंडळीतल्या एका निवृत्त परिचारिकेला फोन केला. सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणतात. बाई रागीट आणि हिशोबाला चोख म्हणून प्रसिद्ध आहेत. नेमका त्यांनाच फोन का केला, असे पुढे विचारल्यावर मुनीम म्हणाले, ‘त्या समजूत घालणार नाहीत, हे ठाऊक होतं.’

सिस्टरबाईंनी त्यांना सकाळच्या गाडीने परत बोलावले. मुनिमांनी त्यांच्या टेबलावर कपाटाच्या किल्ल्या आणि खिशात उरलेले २,३०० रुपये ठेवले. बाईंनी नोटा दोनदा मोजल्या आणि वहीतला कागद फाडून त्यावर लिहिले : ‘महिला बचत फंडाकरिता रु. २,३०० मिळाले.’ तारीख घातली, सही केली आणि तो कागद त्यांच्या हातात दिला. ही रक्कम वजा जाता जी तूट उरली ती १,८६,४०० ची. ती पावती मुनिमांनी अजून जपून ठेवली आहे. मी ती पाहिली आहे.

या पावतीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. येशूला तीस नाण्यांसाठी धरून देणारा शिष्य यहूदा याची गोष्ट आपण विश्वासघाताची गोष्ट म्हणून सांगतो आणि तिथेच थांबतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात मात्र यहूदा ती तीस नाणी घेऊन याजकांकडे परत जातो आणि आपण निर्दोष माणसाला धरून देऊन पाप केले असे स्वच्छ शब्दांत कबूल करतो. पश्चात्ताप आहे, कबुली आहे, पैसेही परत आणले आहेत. त्याला उत्तर मिळते ते असे की, त्याचे आम्हाला काय, तुझे तू पाहून घे. त्याच रात्री पेत्राने प्रभूला तीन वेळा नाकारले होते, पण पेत्राला परत जायला शिष्यांचे घर होते, आणि पुढे सरोवराच्या काठी त्याला ‘माझ्यावर प्रीती करतोस का’ असे तीन वेळा विचारणारा कोणीतरी होता. या दोघांच्या अपराधांची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. परत आणलेले घेणारे कोणी असणे आणि नसणे यात केवढे अंतर पडते, ते या दोन प्रसंगांत दिसते. सिस्टरबाईंनी मुनिमांना क्षमा केली नव्हती. उलट त्या दिवशी त्या त्यांच्याशी अत्यंत कठोर बोलल्या. पण त्यांनी परत आणलेले पैसे घेतले आणि पावती दिली, म्हणजेच उरलेलेही परत येईल असे गृहीत धरले. मुनिमांच्या सांगण्यानुसार त्यांना आशा वाटली ती प्रार्थनेच्या वेळी वाटली नाही, हा कागद हातात आल्यावर वाटली.

बैठक

मत्तय १८ मध्ये सांगितलेल्या क्रमाने, म्हणजे आधी एकट्याशी, मग दोघा-तिघांसमक्ष आणि मग मंडळीपुढे, असे जाण्याचे पाळकांनी ठरवले. पहिल्या दोन पायऱ्या आठवड्याभरात उरकल्या. तिसरीसाठी मे महिन्यात मंडळीच्या सभागृहात बैठक झाली आणि तिच्यात फंडाच्या ४६ महिलांनाच बोलण्याचा अधिकार राहील असे जाहीर झाले. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या पुरुष सभासदांना हे रुचले नाही, पण पाळक ठाम राहिले. पैसे ज्यांचे गेले त्यांच्या वतीने दुसऱ्याने क्षमा जाहीर करू नये, हे त्यांचे म्हणणे होते, आणि मला वाटते की संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता.

बैठकीच्या सुरुवातीलाच पाळकांनी सांगितले की कोणाला फिर्याद द्यायची असेल तर तो तिचा हक्क आहे आणि मंडळी तिला अडवणार नाही. तेव्हा भारतीय दंड संहिता लागू होती. तिच्या कलम ४०६ खाली विश्वासाने सोपवलेल्या मालमत्तेच्या अपहाराला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र होता, आणि तडजोड करायची तर न्यायालयाची परवानगी लागत होती. हे सर्व मराठीत समजावून सांगितले गेले. आपल्या मंडळ्यांमध्ये अशा वेळी करिंथकरांस पहिल्या पत्रातला सहावा अध्याय पुढे केला जातो : भावाने भावाविरुद्ध न्यायालयात जाऊ नये, त्यापेक्षा अन्याय सोसावा. तो उतारा पौलाने लिहिला आहे हे खरेच. परंतु ज्याने अन्याय केला त्याच्या बाजूच्या लोकांनी तो ज्याच्यावर अन्याय झाला त्याला वाचून दाखवणे, हा त्याचा उघड गैरवापर आहे, आणि असा वापर मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे. या बैठकीत तो झाला नाही. चौदा हजार दोनशे रुपयेवाल्या बाई पोलीस ठाण्यात जाण्याच्याच विचाराने आल्या होत्या. त्या गेल्या असत्या तर मी त्यांना दोष दिला नसता.

त्यांचे आणि आणखी दोघींचे पैसे तातडीचे होते. एकीच्या नवऱ्याची शस्त्रक्रिया ठरलेली होती आणि दुसरी घराचे डिपॉझिट भरून बसली होती. तिघींची मिळून रक्कम ४१,६०० रुपये होत होती. तेव्हा सिस्टरबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘पौलानं फिलेमोनाला लिहिलं तसं समजा. या तिघींचं माझ्या नावावर मांडा.’ पळून गेलेला दास अनेसिम याला परत पाठवताना पौल त्याच्या धन्याला लिहितो की, याने तुझे काही नुकसान केले असेल किंवा हा तुझे काही देणे लागत असेल तर ते माझ्या हिशोबी मांड. आणि आपल्या हाताने लिहून ते फेडण्याची हमी देतो. नव्या करारातले हे अगदी छोटे पत्र, एकाच अध्यायाचे, आणि त्यात कृपेची भाषा चक्क जमाखर्चाची आहे. सिस्टरबाईंनी चारच दिवसांत पेन्शनच्या शिलकीतून ४१,६०० रुपये त्या तिघींना दिले आणि खतावणीत त्यांच्या जागी स्वतः येणेकरी म्हणून उभ्या राहिल्या.

किती परत करायचे, हा पुढचा प्रश्न होता. लेवीयच्या सहाव्या अध्यायात नेमकी हीच स्थिती आहे : शेजाऱ्याने विश्वासाने सोपवलेल्या ठेवीबाबत ज्याने लबाडी केली त्याने मूळ रक्कम पूर्ण भरावी आणि तिच्यात पाचव्या हिश्शाची भर घालावी. लूकच्या शुभवर्तमानातल्या जकातदार जक्कयाने चौपट देण्याचे कबूल केले होते, असे एका तरुण सभासद बाईंनी निदर्शनास आणले आणि सभागृहात प्रथमच थोडे हसू उमटले, कारण जक्कय श्रीमंत होता आणि मुनिमांचा पगार सगळ्यांना माहीत होता. पाचवा हिस्सा मान्य झाला. १,८६,४०० अधिक ३७,२८० मिळून २,२३,६८० झाले. दरमहा ४,००० प्रमाणे ५५ हप्ते आणि शेवटचा ३,६८० चा असे वेळापत्रक मी फळ्यावर लिहून दिले. मुनीम तोपर्यंत खाली मान घालून बसले होते. आकडा लिहून झाल्यावर त्यांनी तो स्वतःच्या वहीत उतरवून घेतला.

हजेरीचा प्रस्ताव

मग एक सूचना आली की मुनीम पुन्हा पळून जाऊ नयेत म्हणून त्यांनी रोज संध्याकाळी मंडळीत येऊन वहीत सही करावी. सूचना वाजवी वाटली आणि बऱ्याच माना डोलल्या. तेव्हा मागच्या रांगेतल्या एक वयस्क आजी, ज्यांचे बालपण सेटलमेंटमध्ये गेले होते, बसल्या जागेवरूनच बोलल्या : ‘पैसे बुडीवलेत, ते भरून घ्या. पाचवा हिस्सा घ्या, दहावा घ्या. पण हजेरी नको. माझ्या बापानं तारंच्या आत हजेरी दिलीया. हजेरीनं माणूस तिथं हाय एवढंच कळतंय.’

सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी याचा संदर्भ द्यायला हवा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या नंतरच्या सुधारणांनी कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट अशा अनेक समाजांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. सोलापुरात अशा लोकांसाठी जी वसाहत उभी राहिली तिची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे सोपवलेली होती. तिथे तारेचे कुंपण, ठरावीक वेळची हजेरी आणि बाहेर पडायला पास होता, आणि त्याच आवारात शाळा, गिरणीतले काम व रविवारची उपासनाही होती. देशभरातून तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. वसाहतीच्या भागाला सोलापूरकर आजही सेटलमेंटच म्हणतात. तिथे शिकून पुढे आलेली माणसे आहेत आणि मिशनऱ्यांपैकी अनेकांचा हेतू चांगला होता, याबद्दल मला शंका नाही. तरीही ज्याने काही केलेच नाही त्याला सुधारण्यासाठी कुंपणात ठेवणे आणि त्याला दुसरी संधी म्हणणे, हा आपल्या इथल्या ख्रिस्ती इतिहासाचा भाग आहे. याच्या नेमकी उलट परंपराही आपल्याच मराठी मंडळीत आहे : इंग्लंडमध्ये फुलहॅम येथे भगिनी संघाच्या आश्रमात समाजाने टाकलेल्या स्त्रियांना मिळणारी वागणूक पाहून पंडिता रमाबाईंचे मन ख्रिस्ताकडे वळले, आणि पुढे पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावात त्यांनी तशाच स्त्रियांसाठी कृपासदन काढले. एकाच श्रद्धेतून दोन्ही गोष्टी निघाल्या. आजींना इतिहासाची चर्चा करायची नव्हती, पण दोहोंतला फरक त्यांना अंगावर घेतलेला असल्यामुळे ठाऊक होता. सूचना मागे घेतली गेली.

साक्ष नाही

पाळकांनी मुनिमांवर एकच निर्बंध घातला आणि तो अनेकांना विचित्र वाटला. शेवटचा हप्ता जमा होईपर्यंत त्यांनी मंडळीपुढे किंवा घरोघरी भरणाऱ्या कॉटेज प्रार्थनेत साक्ष द्यायची नाही, म्हणजे आपल्या घसरण्याची आणि बदलाची कहाणी सांगायची नाही. आपल्याकडे याच्या अगदी उलट घडते. माणूस घसरला, उठला, की पुढच्याच महिन्यात त्याला माइकसमोर उभे केले जाते. तो रडतो, लोक ‘हालेलूया’ म्हणतात, आणि ज्यांचे नुकसान झाले ते मागच्या बाकावर बसून ऐकत राहतात. या बायकांचे पैसे एकदा वापरले गेलेच होते. आता त्यांच्या नुकसानीची कथा मुनिमांच्या आत्मिक उन्नतीसाठी वापरली जाऊ नये, असे पाळकांचे म्हणणे होते. मला हा निर्णय अत्यंत विचारी वाटतो, आणि इतर मंडळ्यांनी यातून काही उचलायचे असेल तर ते हेच उचलावे.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीच्या, बाबतीत मात्र मी पाळकांशी सहमत नव्हतो. ते मुनिमांना पहिल्याच महिन्यापासून मेजावर बोलावत होते, कारण मेज हे हिशोब चुकता केल्याचे बक्षीस नाही. तत्त्व म्हणून हे बरोबरच आहे. पण लग्नघर असलेल्या त्या बाईंनी त्यांच्यासमोर मत्तयाचा पाचवा अध्याय उघडून ठेवला : वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा. पाळकांकडे याला समाधानकारक उत्तर नव्हते. मुनिमांनी स्वतःच पहिला हप्ता भरेपर्यंत दूर राहण्याचे ठरवून हा पेच सोडवला. बाई मात्र त्या वर्षाअखेरीस दुसऱ्या मंडळीत निघून गेल्या. त्यांना पैसे सिस्टरबाईंकडून मिळाले होते, लग्नही पार पडले होते. तरी त्या मुनिमांशी आजतागायत बोललेल्या नाहीत. या प्रकरणाला यशाचे उदाहरण म्हणणाऱ्यांनी हेही त्याच कागदावर नोंदवावे.

हप्ते

कारखान्याच्या मालकांना बातमी कळली, तशी सोलापुरात कोणतीही बातमी कळतेच. ते ख्रिस्ती नाहीत. त्यांनी मुनिमांना काढून टाकले नाही, पण त्यांच्या हाती रोकडही ठेवली नाही. ‘उद्यापासून गोदामात बसा. सुताच्या पोत्यांना पाय फुटत नाहीत,’ एवढेच म्हणाले. पगार तोच राहिला. पाळकांनी क्षमा आणि विश्वास यांतला भेद दोन प्रवचनांत मांडला, मालकांनी तो एका बदलीत मांडला.

जून २०१९ पासून मार्च २०२० पर्यंत दहा हप्ते वेळेवर आले. प्रत्येक वेळी मुनीम महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर पैसे टेबलावर ठेवत, दोन महिला ते मोजत आणि पावती फाडत. टाळेबंदीत कारखाना बंद पडला आणि एप्रिल ते सप्टेंबर २०२० असे सहा महिने काहीच आले नाही. ते महिलांनीच माफ केले, म्हणजे पुढे ढकलले. त्यांचीही चूल त्या काळात तशीच चालली होती. ऑक्टोबरपासून हप्ते पुन्हा सुरू झाले, आणि मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, मुनिमांनी रमीचे ॲप पुन्हा उतरवून घेतले. त्या महिन्याचे ४,००० आणि घरखर्चातले आणखी २,५०० रुपये गेले.

या वेळी कोणी पकडले नव्हते. त्याच रात्री ते स्वतः सिस्टरबाईंच्या दारात गेले. बाईंनी आधी चहा टाकला आणि मग यथेच्छ फैलावर घेतले, असे दोघेही सांगतात. बैठक बोलावली गेली नाही. फंडाच्या पाच महिलांच्या समितीला कळवले गेले. मुनिमांनी स्मार्टफोन पत्नीकडे दिला आणि साधा बटणांचा फोन घेतला, आणि स्वतःच मालकांना विनंती केली की पगारातले ४,००० रुपये परस्पर फंडाच्या खात्यात भरावेत. फंडाचे खाते तोवर बँकेत, दोन सह्यांवर, उघडलेले होते. मे आणि जून असे दोन हप्ते चुकले, जुलै २०२१ पासून पुढे एकही चुकला नाही. २०१७ मध्ये घेतलेले नऊ हजार त्यांनी दीड वर्ष लपवले होते. २०२१ मधले साडेसहा हजार एक रात्रही लपवले नाहीत. माणसात बदल झाला की नाही हे मोजायला माझ्याकडे याहून चांगले माप नाही.

किंमत कोणी मोजली, हेही नोंदवायला हवे. बैठकीत कोणीतरी मुनिमांच्या पत्नीचे दागिने विकण्याचा विषय काढला तेव्हा सिस्टरबाईंनी तो तिथेच तोडला. पण पगारातून चार हजार गेल्यावर घर चालवले ते पत्नीनेच, शाळेत मदतनीस म्हणून काम धरून. मुलीला नर्सिंगची पदवी करायची होती, तिने ए.एन.एम. चा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेतला आणि लवकर कमावती झाली. वेळापत्रक मी फळ्यावर लिहिले तेव्हा या दोघींना बैठकीला बोलावलेच नव्हते. ४६ जणींचा हक्क जपताना या दोघींना कोणीही काही विचारले नाही, ही या प्रक्रियेची उणीव आहे, आणि अशी समिती कुठे नेमली गेली तर कर्जदाराच्या घरच्या माणसांना पहिल्या दिवशीच समोर बसवावे असे माझे मत आहे.

शेवटचा ३,६८० रुपयांचा हप्ता सप्टेंबर २०२४ मध्ये जमा झाला. पाचव्या हिश्शाची भर महिलांना त्यांच्या ठेवीच्या प्रमाणात वाटली गेली. सिस्टरबाईंनी आपले मुद्दल घेतले आणि वाढीव रक्कम नाकारली. ती अडीनडीचा राखीव निधी म्हणून वेगळी ठेवली आहे. त्या रविवारी पाळकांनी मुनिमांना आता साक्ष द्यायला हरकत नाही असे सांगितले. ते नको म्हणाले, आणि कारण विचारल्यावर इतकेच म्हणाले की ज्यांना सांगायचे त्यांना सगळे ठाऊकच आहे.

पुढे काय

त्यांना पुन्हा खजिनदार करावे का, हा प्रश्न मंडळीत निघाला आणि त्यावर मतभेद आहेत. प्रेषितांच्या कृत्यांत योहान मार्काने एकदा काम अर्धवट टाकून दिले म्हणून पौल त्याला पुन्हा बरोबर घ्यायला तयार नव्हता आणि बर्णबा तयार होता. दोघांचे इतके बिनसले की ते वेगळे झाले. पवित्र शास्त्र तिथे कोणाची बाजू बरोबर हे सांगत नाही. पुढे कधीतरी पौलच तीमथ्याला लिहितो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. पण ते लिहीपर्यंत बरीच वर्षे गेलेली असतात. मुनिमांच्या हाती रोकड देऊ नये, असे माझे स्वतःचे मत आहे, आणि तेही तेच म्हणतात. ज्याला एका गोष्टीचे व्यसन लागले होते त्याला त्याच गोष्टीजवळ बसवून विश्वास सिद्ध करायला लावणे म्हणजे आपल्या मनाच्या मोठेपणासाठी त्याला पणाला लावणे होय.

जानेवारी २०२५ च्या वार्षिक सभेत महिलांनी वेगळाच तोडगा काढला. फंडाची नवी खजिनदार ही बी.कॉम. झालेली तरुणी आहे, तिला खतावणी लिहिण्याचा सराव नाही, आणि तूट कशी लपवली जाते हे मुनिमांइतके कोणालाच माहीत नाही. तेव्हा त्यांनी तिला दर शनिवारी सभागृहात बसून हिशोब शिकवावा, पैशाला हात लावू नये, आणि बँकेत भरणा दोन महिलांनी जाऊन करावा, असा ठराव झाला. तीन जणींनी विरोधात मत दिले आणि त्यांची मते इतिवृत्तात त्यांच्या म्हणण्यानुसार कारणासह लिहिली गेली. आजी ठरावाच्या बाजूने होत्या. त्यांनी एवढीच भर घालायला लावली की शिकवणी चालू असताना सभागृहाचे दार उघडे ठेवावे, आणि मुनीम एखाद्या शनिवारी आले नाहीत तर त्यांना कोणी जाब विचारू नये.